शिक्क्यांची साखळी आणि छोटा निर्यातदार

(दिल्लीत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



विदेश व्यापार हा विषय आपण पाठ्यपुस्तकातून शिकतो तेव्हा तुलनात्मक लाभ, विनिमय दर, व्यापारतोल आणि सीमाशुल्क या संज्ञांपाशी बहुधा थांबतो. या सर्वांच्या खाली कागदांचा एक जाड थर असतो. निर्यातीच्या मालासोबत जाणारी प्रमाणपत्रे, त्यांवरील नोटरीची मोहर, वाणिज्य मंडळाचा शिक्का, परराष्ट्र मंत्रालयाचे साक्षांकन आणि अखेरीस परदेशी वकिलातीचे वैधीकरण यांचा हा थर. विषय रूक्ष आहे, हे मान्य. परंतु लघुउद्योजकाचा नफा ज्या छिद्रांतून गळतो, त्यांपैकी हे एक छिद्र आहे आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी त्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे माझे मत आहे.

दिल्लीतच राहून हा विषय समजून घेणे सोपे जाते, कारण ही साखळी येथे अक्षरशः रस्त्यांवर मांडलेली दिसते. पानिपत म्हटले की मराठी मनासमोर १७६१ उभे राहते. निर्यातीचा अभ्यास करणाऱ्याला मात्र तेथील चादरी, सतरंज्या आणि ब्लँकेटे आठवतात. हे शहर आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते. समजा, तेथील एका छोट्या कारखानदाराला कुवेतमधून मागणी आली. त्याचे बीजक आणि माल भारतातच तयार झाल्याचे सांगणारे उत्पत्ती प्रमाणपत्र प्रथम अधिकृत वाणिज्य मंडळाकडे जाते. दिल्लीत अशा संस्थांची वाण नाही. तानसेन मार्गावर १९२७ मध्ये स्थापन झालेला ‘फिक्की’ हा महासंघ आहे, तर ऑगस्ट क्रांती मार्गाच्या परिसरात १९०५ पासून कार्यरत असलेले पीएचडी चेंबर आहे. तेथून कागद टिळक मार्गावरील पतियाळा हाउस ॲनेक्समध्ये, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाच्या संबंधित विभागाकडे जातो. निर्यातदाराला तो स्वतः देता येत नाही. २०१२ पासून हे काम नियुक्त सेवा संस्थांमार्फत चालते. त्यानंतर वकिलातीचा शिक्का. माल मात्र तोवर तुघलकाबादच्या कंटेनर आगारातून रेल्वेने पश्चिम किनाऱ्याच्या वाटेला लागलेला असतो.

नोटरीचा संबंध या प्रत्येक कागदाशी येत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. निर्यातदाराने स्वतः केलेली घोषणापत्रे, परदेशी प्रतिनिधीला दिलेले मुखत्यारपत्र, वितरणाचा करार अशा खासगी दस्तऐवजांना सार्वजनिक स्वरूप देण्यासाठी नोटरी लागतो. त्याची नियुक्ती व कर्तव्ये १९५२ च्या नोटरी अधिनियमात दिलेली आहेत. औषधांच्या मुक्त विक्रीचे प्रमाणपत्र हे मुळातच शासकीय यंत्रणेने दिलेले असते. तेथे प्रश्न पुढच्या शिक्क्यांचा असतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे शिक्के नेमके काय सांगतात? चादर सुती आहे, तिचा रंग पक्का आहे, ती पानिपतलाच विणली गेली, यांपैकी काहीही वकिलातीचा शिक्का सांगत नाही. तो एवढेच सांगतो, की त्याच्या आधीची परराष्ट्र मंत्रालयाची सही खरी आहे. मंत्रालयाचा शिक्का सांगतो, की वाणिज्य मंडळाच्या अधिकाऱ्याची सही खरी आहे. मालाविषयी कोणी काही म्हटले असेल, तर ते साखळीच्या पहिल्या कडीने. पुढच्या सर्व कड्या एकमेकींच्या सह्यांची ग्वाही देतात. शुल्क मात्र प्रत्येक कडीला द्यावे लागते.

ही साखळी तोडण्याचा मोठा प्रयत्न म्हणजे ५ ऑक्टोबर १९६१ चा हेग करार. या करारानुसार सदस्य देशांनी परस्परांच्या सार्वजनिक दस्तऐवजांवर वकिलातीच्या वैधीकरणाची अट घालायची नाही. दस्तऐवज देणाऱ्या देशाने ‘ॲपॉस्टिल’ नावाचे एकच प्रमाणपत्र जोडावे, ते पुरेसे मानावे. ॲपॉस्टिलचा नमुना करारालाच जोडलेला आहे: किमान नऊ सेंटिमीटर बाजूचा चौरस, त्यात क्रमांक दिलेले दहा तपशील आणि माथ्यावर फ्रेंच शीर्षक. भारत २००४ मध्ये या करारात सामील झाला आणि १४ जुलै २००५ पासून तो आपल्याला लागू झाला. सौदी अरेबिया २०२२ मध्ये, चीन २०२३ मध्ये, कॅनडा २०२४ मध्ये आणि बांगलादेश २०२५ मध्ये या व्यवस्थेत आले. नव्या सदस्याबाबत हरकत घेण्याचा अधिकार जुन्या सदस्यांना असतो आणि अशी हरकत असल्यास त्या दोन देशांपुरता करार लागू होत नाही. परीक्षेत सदस्य देशांची संख्या विचारली जाते, ही तरतूद मात्र क्वचितच.

आपल्याकडे ॲपॉस्टिलचे सरकारी शुल्क दर कागदामागे अवघे ५० रुपये आहे. २०१९ च्या आरंभापासून साक्षांकन व ॲपॉस्टिलची सेवा मुंबई व पणजीसह पंधरा शहरांतून उपलब्ध झाली. नाशिक किंवा कोल्हापूरच्या उद्योजकाचा दिल्लीकडे पाहण्याचा काळ त्यामुळे बराचसा सरला.

परंतु या करारात एक अपवाद आहे आणि माझ्या दृष्टीने आजच्या विषयातील सर्वांत रंजक भाग तोच आहे. पहिल्याच कलमाने राजनैतिक व वाणिज्यदूत अधिकाऱ्यांनी केलेले दस्तऐवज आणि व्यापारी अथवा सीमाशुल्क व्यवहारांशी थेट संबंध असलेले प्रशासकीय दस्तऐवज कराराच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. म्हणजे ज्या करारामुळे पदवी प्रमाणपत्राची आणि विवाह नोंदणीच्या दाखल्याची वाट सुकर झाली, त्याच कराराने व्यापाराचे कागद दाराबाहेर ठेवले! यामागे दुष्ट हेतू नव्हता. अशा कागदांना बहुतेक देशांत वैधीकरणातून आधीच सूट आहे किंवा सवलत आहे, अशी करारकर्त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात अनेक देश हा अपवाद संकुचित अर्थाने घेतात आणि वाणिज्य मंडळाने साक्षांकित केलेल्या कागदांवर ॲपॉस्टिल लावतात, आपणही लावतो. तथापि समोरच्या देशाने तो स्वीकारावाच, असे ठामपणे सांगण्याचा आधार निर्यातदाराकडे कमकुवत राहतो. गॅट कराराच्या आठव्या कलमातही आयात-निर्यातीवरील शुल्के व औपचारिकता कमी करण्याची गरज मान्य केलेली आहे आणि वकिलातीच्या बीजकांचा व प्रमाणपत्रांचा तेथे नावानिशी उल्लेख आहे. उल्लेख १९४७ चा आहे. शिक्के आजही आहेत.

याचा आर्थिक भार कोणावर पडतो, ते पाहू. रोनाल्ड कोस यांनी १९३७ मधील निबंधात बाजारपेठेचा वापर करण्यालाही खर्च येतो, हे दाखवून दिले. पुढे त्याला ‘व्यवहार खर्च’ हे नाव रूढ झाले. वैधीकरणाचा खर्च हा या खर्चाचा शुद्ध नमुना आहे आणि त्याचे एक वैशिष्ट्य असे, की तो बहुधा कागदागणिक ठरतो. संयुक्त अरब अमिरातीचे उदाहरण घ्या. त्या देशाने १ फेब्रुवारी २०२३ पासून १०,००० दिरहम वा त्याहून अधिक मूल्याच्या आयात बीजकांचे साक्षांकन आवश्यक केले आणि प्रत्येक बीजकामागे १५० दिरहम शुल्क ठेवले. दहा हजारांच्या बीजकावर हा भार दीड टक्का होतो. दहा लाखांच्या बीजकावर ०.०१५ टक्के. छोट्यावरचा भार मोठ्याच्या शंभरपट! शुल्क आयातदार भरतो, हे खरे. परंतु भाव ठरवताना ते कोणाच्या माथी जाते, हे आपापल्या सौदाशक्तीवर अवलंबून असते आणि पानिपतच्या छोट्या कारखानदाराची सौदाशक्ती किती असणार? आखाती देशांचे सामाईक सीमाशुल्क सर्वसाधारणपणे ५ टक्के आहे. १ मे २०२२ पासून लागू झालेल्या भारत-अमिरात करारामुळे बऱ्याच मालावरील हे शुल्क शून्य झाले. पाच टक्क्यांची सवलत मिळवण्यासाठी दोन देशांना वाटाघाटी कराव्या लागतात, हे लक्षात घेतले तर दीड टक्का ही क्षुल्लक रक्कम ठरत नाही.

पैशापेक्षा वेळ अधिक महाग पडतो. निर्यातीचे पैसे पतपत्रावर मिळायचे असतील, तर बँका आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या २००७ पासून लागू असलेल्या नियमावलीप्रमाणे वागतात. बँकेचा संबंध मालाशी नसून कागदांशी असतो, हे त्या नियमावलीचे मूलतत्त्व. माल रवाना झाल्यापासून २१ दिवसांच्या आत कागद सादर करावे लागतात आणि पतपत्राची मुदत त्याआधी संपत असेल तर त्याआधी. पतपत्रात ‘वकिलातीने वैध केलेले उत्पत्ती प्रमाणपत्र’ अशी अट असेल आणि वकिलातीला सणाची सुटी असेल, तर चादरी कितीही उत्तम असोत, बँक कागदांत उणीव दाखवू शकते. मग खरेदीदार भाव पाडून मागतो. शिवाय आखातातील बंदरे आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून समुद्रमार्गे काही दिवसांच्याच अंतरावर आहेत. माल पोहोचतो, कागद चाणक्यपुरीत असतो आणि बंदरातील विलंब आकार चढत जातो. मोठ्या कंपनीकडे यासाठी स्वतंत्र विभाग असतो. छोट्या कारखान्यात मालकच कारकून असतो. तो एक दिवस दिल्लीला गेला, की त्या दिवशी कारखान्याकडे पाहणारे कोणी नसते.

मग हे सारे रद्दच का करू नये? येथे दोन गोष्टींची गल्लत होता कामा नये. उत्पत्ती प्रमाणपत्राला अर्थ आहे. तिसऱ्या देशाचा माल सवलतीच्या वाटेने आत शिरू नये, म्हणून ते लागते. भारतानेही २०२० मध्ये सीमाशुल्क कायद्यात नवे कलम घालून आणि २१ सप्टेंबर २०२० पासून स्वतंत्र नियम लागू करून, व्यापार करारांखाली सवलत मागणाऱ्या आयातदाराकडून उत्पत्तीची माहिती मागण्याची व्यवस्था केली. केवळ प्रमाणपत्र दाखवून भागत नाही, अशी भूमिका आपण आयातदार म्हणून घेतो. निर्यातदार म्हणून तक्रार करताना याचा विसर पडू नये. माझा आक्षेप सहीवर सही घेण्याच्या प्रथेवर आहे. त्यातून उत्पत्तीची शहानिशा होत नाही.

याला पर्याय आहे आणि तो आपल्या परिचयाचा आहे. नाशिकची द्राक्षे युरोपात जातात तेव्हा त्यांच्यासोबत वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र असते. त्याचा नमुना १९५१ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराने ठरवून दिलेला आहे आणि आपल्याकडील व्यवस्थेचे मुख्यालय येथून जवळच, फरिदाबादला आहे. ते अधिकृत यंत्रणेकडून थेट दुसऱ्या देशाच्या अधिकृत यंत्रणेसाठी दिले जाते. ही व्यवस्था वकिलातीच्या शिक्क्यावर उभी नाही. तिच्या जोडीला ‘अपेडा’ची ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था २००६ पासून आली, जिच्यामुळे द्राक्षाची पेटी थेट नोंदणीकृत बागेपर्यंत मागे शोधता येते. कीटकनाशकांच्या अंशांची तपासणी होते, तिला मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा आधार आहे. शेतकऱ्याला हे सोपे गेले, असे मी म्हणणार नाही. तपासणीला पैसे पडतात, नोंदी ठेवाव्या लागतात. पण तो खर्च द्राक्षाविषयीची माहिती निर्माण करतो आणि त्या माहितीला बाजारात भाव मिळतो.

युरोपीय महासंघाच्या सर्वसाधारण अग्रक्रम योजनेत भारतीय निर्यातदारांसाठी २०१७ पासून नोंदणीकृत निर्यातदाराने स्वतःच उत्पत्तीचे निवेदन करण्याची पद्धत सुरू झाली. विश्वास आधी ठेवायचा, तपासणी नंतर करायची आणि खोटे सापडल्यास कठोर व्हायचे, असा तिचा गाभा आहे. आपल्याकडे विदेश व्यापार महासंचालनालयाने अग्रक्रम उत्पत्ती प्रमाणपत्रे २०१९ पासून सामाईक संगणकीय मंचावर आणण्यास प्रारंभ केला आणि १ जानेवारी २०२५ पासून बिगर-अग्रक्रम प्रमाणपत्रांसाठीही संगणकीय अर्ज अनिवार्य केला. प्रमाणपत्र खरे की खोटे, हे परदेशातील अधिकाऱ्याला आता संगणकावर पडताळता येते. सहीची ग्वाही देणाऱ्या सहीची गरज येथेच संपायला हवी. पण ज्या देशांना वकिलातीची मोहर हवीच आहे, त्यांच्यासाठी याच संगणकीय प्रमाणपत्राची छापील प्रत काढली जाते आणि ती टिळक मार्गावरून चाणक्यपुरीकडे निघते.