महिनाभराचं वाचन

या महिन्यात सर्वांत जास्त रमलो तो गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मध्ये. वरसईचे हे कर्जबाजारी भिक्षुक दक्षिणेच्या आशेनं उत्तरेत गेले आणि १८५७च्या बंडात सापडले. झाशीचा वेढा, तोफगोळे, लुटालूट, सगळं डोळ्यांदेखत! गाठीची कमाई गेली. गंगेची कावड मात्र त्यांनी घरी आणलीच. इतिहास असा साध्या माणसाच्या तोंडूनही ऐकावा. पुस्तक छापलं गेलं १९०७ साली.

मग ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई टिळक स्वतःचीच इतकी थट्टा करतात, की दुःख सांगायला गळा काढावा लागत नाही, हे पटतं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ तर एका बैठकीत संपते. छोटीशीच आहे. तिथला तरुण मास्तर धनगरांच्या वाडीला शिकवायला जातो आणि त्यांच्याकडूनच बरंच शिकतो. सुरुवात करायची असेल, तर हिच्यापासून करा.