फूटव्हॉल्व्ह गळतोय, हे इंग्रजीत सांगताना



अकरावी-बारावीच्या मुलांनो, तुमच्यातले बरेच जण बारावीनंतर इंजिनिअरिंगकडे वळतील. कोणी गारगोटीच्या आयसीआरईत डिप्लोमाला जाईल, कोणी कोल्हापूर, सांगली, कराडच्या कॉलेजांत. तिथं कम्युनिकेशन स्किल्स नावाचा एक विषय तुमच्या वाट्याला येईल. मॅथ्समध्ये केटी लागली तर घरात सुतक असतं, या विषयात लागली तर मित्र हसतात. एवढीच त्याची किंमत. मी हाच विषय शिकवते, त्यामुळं मला हे चांगलं माहीत आहे.

भुदरगडकडचा एक मुलगा माझ्या वर्गात होता. घरची शेती, वेदगंगेवर मोटर. मी वर्गाला विचारलं, गेल्या महिन्यात घरी कुठलं मशीन बिघडलं? तो उठला आणि म्हणाला, "मॅडम, नदीवरची मोटर. फूटव्हॉल्व्ह गळतोय, पाइप पाणी धरत नाही. प्रायमिंग सुटतं. मोटर नुसतीच फिरते, पाणी काय येत नाही." म्हटलं, शाब्बास, आता हेच इंग्रजीत लिही. पाच मिनिटांनी त्यानं वही पुढं केली. लिहिलं होतं, "द पंप इज नॉट वर्किंग ड्यू टू सम टेक्निकल प्रॉब्लेम."

आता बघा, व्याकरणाची चूक नाही, स्पेलिंग बरोबर. पण मराठीत ज्यानं आजार ओळखला होता, त्यानं इंग्रजीत नुसतं 'पेशंटची तब्येत बरी नाही' एवढंच कळवलं. हे वाक्य वाचून मेस्त्री पिशवीत काय घेऊन निघेल? नवा व्हॉल्व्ह, की कॅपॅसिटर, की नुसता पाना? मग आम्ही दोघांनी फळ्यावर लिहिलं: "द फूट व्हॉल्व्ह इज लीकिंग. द पंप लूझेस इट्स प्राइम. द मोटर रन्स, बट नो वॉटर कम्स." तीन वाक्यं. आठवीतल्या पोरालाही कळतील असे शब्द. तो मुलगा म्हणाला, "मॅडम, पण हे लईच साधं वाटतंय." खरी अडचण इथं आहे. इंग्रजीत लिहायचं म्हणजे काहीतरी भारी लिहायचं, हे आपल्या डोक्यात कुणीतरी पक्कं बसवलंय. भारी लिहायच्या नादात फूटव्हॉल्व्ह राहून जातो.

ही सवय लागते जर्नलपासून. पॉलिटेक्निकमधल्या कुठल्याही दादाचं जर्नल उघडा. प्रयोगाच्या शेवटी 'कन्क्लुजन' असतं आणि त्याखाली लिहिलेलं असतं, "थस वी हॅव स्टडीड द सेंट्रिफ्यूगल पंप." अरे, पण निघालं काय? कुठल्या डिस्चार्जला एफिशिअन्सी सगळ्यात जास्त मिळाली? तुमचं रीडिंग शेजारच्या बॅचपेक्षा वेगळं का आलं? याचं उत्तर नाही. ते वाक्य मागच्या बॅचच्या जर्नलातून आलेलं, त्यांच्याकडं त्यांच्या मागच्या बॅचकडून. पंप शिकवणारे सर आकडे बघतात, वाक्य बघत नाहीत. आम्ही इंग्रजीवाले वाक्य बघतो, पण आम्हाला पंप कळत नाही. दोघांच्या मधल्या फटीतून पोरं पास होऊन बाहेर पडतात.

आणि नोकरीला लागतात. इथं बिद्रीत साखर कारखान्याच्या हंगामाचं वेळापत्रक मी तुम्हाला सांगायला नको. तीन पाळ्या, ऊस यार्डात उभा, मिल थांबली की प्रत्येक तासाचा हिशेब. दुसऱ्या एका जिल्ह्यातल्या कारखान्यात मला एकदा पाळीचं लॉगबुक बघायला मिळालं. रात्रपाळीची नोंद होती, "मिल बेअरिंग हॉट. अटेंडेड. ओके." आता सकाळी आठला कामावर आलेल्या माणसानं यातून काय समजायचं? कितव्या मिलचं, कुठल्या रोलरचं, कुठल्या बाजूचं बेअरिंग? किती गरम? तेल वाढवलं, की पाणी सोडलं, की नुसता हात लावून बघितला? तिथं असं लिहायला हवं होतं: तिसरी मिल, वरचा रोलर, डावं बेअरिंग, दोन वाजता तापमान इतकं, तेल वाढवलं, तीन वाजता इतकं उतरलं, पुढच्या पाळीनं दर अर्ध्या तासानं बघावं. हे इंग्रजीत लिहायला दहावीच्या पुस्तकापलीकडचा एकही शब्द लागत नाही. लागते ती फक्त पुढच्या पाळीतल्या माणसाची आठवण.

आता कोल्हापूरकरांना उदाहरण द्यायचं तर पाण्याशिवाय कसं द्यायचं? पावसाळ्यात राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडतात. बातमी येते, एका दरवाजातून 1428 क्युसेक विसर्ग. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, सुमारे 28 लिटर. म्हणजे एका दरवाजातून सेकंदाला 40 हजार लिटर. धरणावरच्या इंजिनिअरला हा आकडा लागतोच, त्याशिवाय त्याचं गणित चालत नाही. पण गंगावेशीत राहणारी आजी क्युसेक विचारत नाही. ती विचारते, "राजारामला पाणी किती फुटावर आलं?" राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. हे दोन आकडे सगळ्या शहराला पाठ आहेत. 39 जवळ आलं की चिखली-आंबेवाडीची माणसं जनावरं सोडवायला लागतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, तेव्हा फोनवर लोक एकमेकांना फूटच सांगत होते. पाणी तेच, नदी तीच. पण एक आकडा इंजिनिअरनं इंजिनिअरला सांगायचा आणि दुसरा घर सोडायचं की नाही हे ठरवणाऱ्या माणसाला. आपण कुणासाठी लिहितोय हे ज्याला कळलं, त्याला टेक्निकल रायटिंगचा अर्धा अभ्यासक्रम कळला. उरलेला अर्धा म्हणजे एकक विसरायचं नाही. हसू नका. 1999 साली नासाचं एक यान मंगळापर्यंत पोचून नष्ट झालं, कारण एका गटाचं सॉफ्टवेअर पाउंड-फोर्समध्ये आकडे देत होतं आणि दुसरा गट ते न्यूटनमधले समजून वापरत होता. दोन्हीकडं इंग्रजी अस्खलित होतं बरं का.

आपण कुणासाठी लिहितोय, हे आपल्या भागात शंभर वर्षांपूर्वी एका कारखान्याला कळलं होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. लोखंडानं जमिनीत विष उतरतं, अशी समजूत होती. नांगर उत्तम होता, अडलं होतं ते पटवण्यापाशी. 1910 मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि दहा वर्षांनी, 1920 मध्ये, त्याच कारखान्यातून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचावी म्हणून. पुढं त्याचं 'किर्लोस्कर' मासिक झालं, मराठी साहित्यात त्यानं मोठं नाव मिळवलं, आणि सुरुवात नांगराच्या कारखान्यात झाली हे आपण विसरलो. मला विचाराल तर, आमच्या विषयाच्या पहिल्या धड्यात 'खबर'ची ही गोष्ट असायला हवी. त्याऐवजी आम्ही मुलांना 'टेल मी अबाउट युअरसेल्फ'चं उत्तर पाठ करायला लावतो आणि मग कॅम्पसच्या दिवशी चाळीस मुलांचा छंद 'लिसनिंग म्युझिक' निघतो.

कोणी म्हणेल, मॅडम, मग इंग्रजी हवंच कशाला? 2021 पासून मराठीतून इंजिनिअरिंग शिकायची परवानगी आहे, पुण्यात पिंपरी-चिंचवडच्या कॉलेजात कॉम्प्युटरचा वर्ग सुरूही झाला. माझा त्याला मनापासून पाठिंबा आहे. आपल्या आजरा तालुक्यातले जे. पी. नाईक ज्या कोठारी आयोगाचे सचिव होते, त्या आयोगानंही साठ वर्षांपूर्वी कॉलेजचं शिक्षण प्रादेशिक भाषांतून द्यावं आणि जगातलं ज्ञान वाचायला इंग्रजी ठेवावी, असंच सुचवलं होतं. पण मराठीत आलं की आपोआप स्पष्ट होतं, या भ्रमात राहू नका. 'तांत्रिक कारणास्तव उद्या पाणीपुरवठा बंद राहील.' ही पाटी अस्सल मराठीत आहे. किती वाजेपर्यंत बंद, कुठल्या गल्लीत, आजच हंडे भरून ठेवायचे का? काही पत्ता नाही. भुदरगडच्या त्या मुलाचं इंग्रजी वाक्य आणि ही पाटी सख्ख्या बहिणी आहेत.

हल्ली मुलं मला मोबाइल दाखवतात. दोन ओळी टाकल्या की यंत्र झकास इंग्रजी मेल लिहून देतं. द्या लिहून, माझी हरकत नाही. स्पेलिंग तपासण्यात माझा जन्म गेला, तेवढं ओझं कमी झालं. पण त्या यंत्राला तुम्ही 'पंप बिघडलाय' एवढंच सांगितलं, तर ते 'सम टेक्निकल प्रॉब्लेम'च आणखी गुळगुळीत करून देणार. वेदगंगेच्या काठावर वाकून व्हॉल्व्हला हात लावायला ते येत नाही.

म्हणून प्राचार्यांकडं आणि सायन्सच्या सरांकडं माझी एक मागणी आहे, आणि ती मी माझ्या कॉलेजातही करत असते. फिजिक्सच्या जर्नलातला एक प्रयोग, फक्त एकच, दोन शिक्षकांनी तपासावा. आकडे फिजिक्सच्या सरांनी, वाक्यं इंग्रजीच्या मॅडमनी. आणि 'थस वी हॅव स्टडीड' दिसलं की सही न करता जर्नल परत द्यावं. पहिल्या महिन्यात मुलं वैतागतील, शिक्षक त्याहून जास्त वैतागतील. फेब्रुवारीत प्रॅक्टिकल तोंडावर आलेली असताना हे नवं लचांड कुणाला हवंय, हेही मला कळतं. पुढच्या जूनपासून करा.

अकरावीच्या मुलांनी मात्र जूनची वाट बघू नये. घरात जे यंत्र नीट चालत नाही, पंप असो, कडबाकुट्टी असो, नाहीतर आईचा मिक्सर, त्याच्याजवळ बसा. आधी मराठीत पाच ओळी लिहा, मग इंग्रजीत. आणि ज्याला त्या यंत्रातलं काही कळत नाही, अशा माणसाला वाचायला द्या. त्याला कळलं नाही तर पुन्हा लिहा.