वाटाड्याचा शब्द

इसवी सन १८८८ हे साल जोयडा तालुक्याच्या इतिहासात ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मुरगाव बंदरातून निघालेला लोहमार्ग त्या वर्षी दूधसागराच्या प्रपातापुढून सह्याद्री चढला आणि कॅसल रॉक येथे येऊन पोहोचला. तोवर हा घाट चढणे म्हणजे लमाणांच्या बैलांमागून किंवा एखाद्या कुणब्याच्या पावलावर पाऊल ठेवून रान तुडवणे असे. लोहमार्ग आला आणि प्रवाशाला वाटाड्याची गरज उरली नाही. तिकीट काढावे, खिडकीशी बसावे आणि अरण्य डोळ्यांपुढून सरकत जाताना पाहावे!

त्याच १८८८ साली, हजारो मैल दूर उत्तरेस, याच्या अगदी उलट असा एक प्रवास घडत होता. फ्रित्यॉफ नान्सेन हा सव्वीस वर्षांचा नॉर्वेजियन तरुण पाच सोबत्यांसह ग्रीनलंडचे हिमपठार पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडावयास निघाला होता. वाहन म्हणून पायांना बांधलेल्या लांब, अरुंद लाकडी पट्ट्या, म्हणजे स्की. आणि सामान म्हणून मागे ओढावयाच्या घसरगाड्या. वाटेत वस्ती नाही, झाड नाही, पाणीसुद्धा नाही. कारण बर्फ वितळवल्यावाचून पाणी मिळत नाही. ऑगस्टच्या मध्यावर निघालेली ही मंडळी अडीच हजार मीटरहून अधिक उंची गाठून, रात्री उणे चाळीस अंशांच्या आसपासची थंडी सोसून, सप्टेंबरच्या अखेरीस पश्चिमेच्या समुद्राजवळ उतरली. हे हिमपठार असे आरपार ओलांडणारी माणसे तीच पहिली.

या सहा जणांत दोघे सामी होते. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया यांच्या उत्तर भागांत रेनडियरांचे कळप राखून राहणारा हा समाज. पूर्वी त्यांना लॅप म्हणत. हे नाव त्यांना आवडत नाही. सॅम्युअल बाल्टो आणि ओले निल्सेन राव्ना अशी त्या दोघांची नावे. स्कीवर जन्म काढलेली ही माणसे बर्फ जाणतात, म्हणून नान्सेनने त्यांना मुद्दाम बरोबर घेतले होते. तथापि प्रवासाच्या आरंभी तेच दोघे अधिक भ्याले. याचे नवल वाटावयास नको. त्यांचे ज्ञान होते ते त्यांच्या स्वतःच्या भूमीचे, कारासयोकच्या पठाराचे. ग्रीनलंडचे पठार त्यांना परके होते. वाटाड्याची विद्या सगळ्या भूमींना सारखी लागू पडत नाही. ती एका भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या राहून येते, आणि त्या भूमीबाहेर तिचे बळ कमी होते. भय गिळून ते दोघे शेवटपर्यंत चालले, हा त्यांचा मोठेपणा.

आज आर्क्टिक प्रदेशात अशा स्की-यात्रा सामान्य माणसालाही करता येतात. स्वालबार्डची बेटे, स्वीडनचा ‘राजमार्ग’ नावाचा पर्वतमार्ग, नॉर्वेचे फिनमार्क पठार, आणि खुद्द ग्रीनलंड. तथापि त्यांतील बहुतेक माणसे मार्गदर्शकाच्या मागूनच जातात. मार्च-एप्रिल हा त्यांचा हंगाम. त्या वेळी ध्रुवाकडची दीर्घ रात्र संपून दिवस मोठा होऊ लागलेला असतो आणि बर्फ अजून घट्ट असते. प्रत्येकाच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला घसरगाडी, गाडीत तंबू, चूल, इंधन आणि अन्न. चढावर मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवतात. पूर्वी ती जनावराच्या कातड्याची असे.

अशा प्रवासात मार्गदर्शक सर्वांत आधी शिकवतो ती गोष्ट विचित्र वाटेल. तो सांगतो, ‘घाम येऊ देऊ नका.’ थंडीच्या प्रदेशात घामाचे भय! पण कारण सरळ आहे. घामाने कपडे भिजले की थांबताक्षणी ओल गोठते आणि अंगातली ऊब शोषून घेते. म्हणून तरुणांना तो सावकाश चालावयास लावतो. तासाभराने थांबवतो, थांबताच जाड अंगरखा घालावयास सांगतो. प्रत्येकाने आपल्या सोबत्याचा चेहरा न्याहाळावा, हा त्याचा दुसरा नियम. नाकावर किंवा गालावर पांढरा डाग उमटला तर ती हिमदंशाची सुरुवात असते, आणि ती ज्याची त्याला कळत नाही, दुसऱ्यालाच दिसते.

कधी आभाळ आणि भूमी एकाच पांढऱ्या रंगात मिसळून जातात. सावली पडत नाही, खड्डा दिसत नाही, चढ की उतार हेही उमगत नाही. अशा वेळी होकायंत्र तर हवेच; पण जाणता मार्गदर्शक पायांखालच्या बर्फाच्या लाटाही वाचतो. वारा ज्या दिशेने सतत वाहतो त्या दिशेने बर्फावर कठीण वळ्या कोरल्या जातात. त्यांना कोणत्या कोनातून ओलांडतो आहोत हे स्कीला जाणवत असते. आणि कधी तो नुसता थांबतो, आभाळाकडे पाहतो व म्हणतो, ‘आज पुढे जायचे नाही. तंबू ठोका.’ या एका वाक्यासाठीच त्याला बरोबर घेतलेले असते. पैसे मोजलेल्या, रजा काढून आलेल्या, उत्साहाने भरलेल्या माणसांना हे वाक्य ऐकणे जड जाते. पण ते ऐकणे हीच या प्रवासाची खरी शिस्त होय.

जोयड्यातील श्रोत्यांना हे सारे फार दूरचे वाटेल. वस्तुतः ते तितके दूर नाही. कॅसल रॉकहून जो लोहमार्ग घाट उतरतो, त्याच्या दुसऱ्या टोकाला, वास्को येथे, भारताच्या ध्रुवीय व महासागरीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. स्वालबार्डमधील न्यू-ऑलेसुंद येथे २००८ साली सुरू झालेले ‘हिमाद्री’ हे भारतीय संशोधनस्थानक याच केंद्राकडून चालवले जाते. तेथे गेलेल्या संशोधकालाही वस्तीबाहेर मोजमापे घेण्यास जावयाचे तर पांढऱ्या अस्वलापासून रक्षण कसे करावे हे आधी शिकावे लागते. विद्वत्ता कितीही असो, त्या भूमीचे नियम तिला लागू आहेतच.

आणि नियमांची हीच शाळा घाटाच्या वर, काळी नदीच्या खोऱ्यात, फार दिवसांपासून भरत आली आहे. काळी नदी जोयडा तालुक्यातील दिग्गीजवळ उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहून कारवारजवळ समुद्राला मिळते. तिच्या दोन्ही काठांच्या रानात वाघ आहे, काळा बिबट्या आहे, गवा, अस्वल आणि नागराज आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास उळवीच्या चन्नबसवेश्वराच्या यात्रेला बेळगाव-धारवाडकडचे शेतकरी बैलगाड्या जोडून दिवसचे दिवस याच रानातून येतात. तरुणांच्या पदयात्राही कॅसल रॉक आणि दूधसागर यांच्या परिसरातून मुक्काम करीत गेल्या आहेत. आर्क्टिकमध्ये हंगाम प्रकाश ठरवतो, येथे तो पाऊस ठरवतो. पावसाचे चार महिने रान जळवांचे आणि ओढ्यांचे असते. तेव्हा शहाण्याने तेथे पाऊल टाकू नये.

या रानाचा वाटाड्या कुणबी. कमरेच्या आकडीला कोयता, पावसात डोक्यावर इरले, तोंडी कोंकणी. रानात पुढे चालताना तो फारसा बोलत नाही, आणि मागच्यांनीही बोलू नये अशी त्याची अपेक्षा असते. माकडाचा किंवा भेकराचा इशारा ऐकून तो थांबतो. गव्याच्या शेणाची ऊब पाहून कळप किती दूर असेल याचा अंदाज बांधतो. कोणता कंद उकडून खावा आणि कोणता मुळीच खाऊ नये, हे त्याला पुस्तकात शोधावे लागत नाही. या कंदांची कुणब्यांनी राखलेली विविधता एवढी आहे की जोयड्यात त्यांचा मेळा भरतो आणि दूरदूरचे लोक तो पाहावयास येतात. सामी माणूस बुटात वाळलेले गवत भरून पाय उबदार ठेवीत असे. कुणबी पानांचे इरले करून पाठ कोरडी ठेवीत असे. हवामान निराळे, पण विद्येची जात एकच. जवळ जे आहे त्यातून जगण्याची ही विद्या आहे.

येथे एका शब्दाचा विचार करावासा वाटतो. तो शब्द म्हणजे ‘निर्जन’. प्रवासवर्णनांत हिमप्रदेशाला निर्जन म्हणतात, अरण्यालाही म्हणतात. ग्रीनलंडचे हिमपठार खरोखरच निर्जन होते. परंतु आर्क्टिकचा बराचसा भाग तसा नाही. १८४५ साली सर जॉन फ्रँकलिन दोन जहाजे व १२८ सहकारी घेऊन कॅनडाच्या उत्तरेस गेले. त्यांपैकी एकही माणूस परत आला नाही. ज्या प्रदेशात ते उपासमारीने आणि रोगाने मेले, तेथे इन्युइट लोक शिकार करून जगत होते. पुढे इन्युइटांनी जे पाहिले ते सांगितले. पण इंग्लंडमधील प्रतिष्ठितांना ते खरे वाटले नाही. अखेर ती जहाजे २०१४ व २०१६ साली समुद्रतळाशी सापडली, आणि ती शोधताना इन्युइटांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या आठवणींचा मोठा उपयोग झाला. जी भूमी पाहुण्यांना ओसाड वाटत होती ती कुणाचे तरी घर होती, आणि घरधन्याला विचारावे असे त्यांच्या मनात आले नाही.

जोयड्यालाही हा प्रश्न परका नाही. पूर्वी या तालुक्याला सुपे म्हणत. काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे धरण झाले, वीज निर्माण झाली, आणि सुपे गाव पाण्याखाली गेले. विस्थापितांची वसाहत रामनगरला झाली, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. गावाबरोबर गावाच्या वाटाही बुडाल्या. ज्या म्हाताऱ्याला त्या खोऱ्यातील प्रत्येक उतार ठाऊक होता, त्याची विद्या एका पावसाळ्यात निरुपयोगी झाली. पुढे १९८७ साली अणशीचे राष्ट्रीय उद्यान झाले, २००७ साली दांडेली-अणशी व्याघ्रप्रकल्प, आणि २०१५ साली त्याला काळी नदीचे नाव मिळाले. वाघ राहावयास हवा याबद्दल दुमत नाही. रानातील वाड्यांना रस्ता, शाळा, दवाखाना यांची वाण आहे, हेही खरे. म्हणून पैसे घेऊन स्वेच्छेने रान सोडण्याची योजना आली, आणि काही कुटुंबांनी ती पत्करलीही. तरुण तर कामासाठी गोव्याकडे जातातच. ज्याला जावेसे वाटते त्याला दोष देण्याचा अधिकार कुणाला नाही.

परंतु जो राहू इच्छितो, त्याचे काय? २००६ सालच्या वनहक्क कायद्याने रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे हक्क मान्य केले आहेत. हे हक्क कागदावरून वाडीपर्यंत पोहोचले पाहिजेत, आणि राहणाऱ्याला उपजीविकाही मिळाली पाहिजे. स्वीडनमध्ये या बाबतीत काही पावले पडली आहेत. लापोनिया हा तेथील विस्तीर्ण वनप्रदेश १९९६ साली जागतिक वारसा ठरला. पुढे त्याच्या व्यवस्थापक मंडळात सामींना बहुमत मिळाले. आणि २०२० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने गिर्यास या सामी समुदायाच्या भूमीवर लहान शिकारीचे व मासेमारीचे परवाने देण्याचा अधिकार त्या समुदायाचाच आहे असा निर्णय दिला. यामुळे सारे तंटे मिटले असे नव्हे. पण भूमी राखावयाची तर ती जाणणाऱ्याला तिच्याबाहेर काढणे हा एकच मार्ग नाही, एवढे तरी त्यावरून दिसते.

आज गणेशगुडीच्या प्रवाहात पाहुण्यांची होडी सांभाळणारे, दांडेलीच्या रानात पाहुण्यांना धनेश पक्षी दाखवणारे स्थानिक तरुण आहेत. त्यांना हंगामी मजूर समजू नये. त्यांना नीट वेतन मिळावे, त्यांच्या आजोबांनी जाणलेली वाटांची, ओढ्यांची आणि कंदांची नावे त्यांच्याकडून लिहून घेतली जावीत, आणि ती तालुक्याच्या शाळांतील मुलांना शिकवली जावीत. कारण ही विद्या एकदा तुटली की ती पुन्हा उभी करण्यास एक पिढी पुरत नाही.

आणि जो पाहुणा या रानात येईल त्यानेही एक गोष्ट मनाशी बाळगावी. हिमप्रदेशात असो वा सह्याद्रीत, वाटाडा म्हणाला, ‘आज येथून परत फिरू या’, तर वाद घालू नये. त्या शब्दांमागे त्याच्या बापाचा आणि आज्याचा अनुभव उभा असतो. लोहमार्गाने वाटाड्यावाचून प्रवास करण्याची सोय केली, ती सोय मोठी आहे. पण खिडकीतून दिसते ते रान वेगळे, आणि जाणत्या माणसामागून चालताना भेटते ते वेगळे. ते दुसरे रान पाहावयाचे असेल, तर ते दाखवणारा माणूस त्या रानात राहिला पाहिजे.