मूक जोडणीचे निदान



चेन्नईतील मांबलम रेल्वे स्थानकाच्या पूर्वेस त्यागरायनगरची बाजारपेठ आणि पश्चिमेस वेस्ट मांबलमची वस्ती. या वस्तीतील अयोध्या मंडपात रामनवमीच्या सुमारास संगीताच्या मैफली होतात, आणि मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून, सारे शहरच गाण्यात रंगते. २०२० साली साथीमुळे सभागृहे ओस पडली तेव्हा अनेक संगीतसभांनी आपल्या मैफली इंटरनेटवरून ऐकवल्या, आणि संगणक हेच कित्येकांचे सभागृह झाले. परंतु संगणकाच्या चिमुकल्या ध्वनिक्षेपकांतून मृदंगाचा घुमारा उमटत नाही. घरातील जुना रिसीव्हर आणि त्याचे भारदस्त ध्वनिक्षेपक यांना संगणक जोडावा, ही इच्छा मग साहजिकच होते. तार जोडली जाते, पडद्यावर गायिकेचे ओठ हलू लागतात आणि खोलीत मात्र पूर्ण शांतता असते.

अशा वेळी रिसीव्हर बिघडला असे मानून लोक नवे यंत्र आणण्यासाठी रिची स्ट्रीटची वाट धरतात. वास्तविक दोन्ही यंत्रे बहुधा धडधाकट असतात. बिघाड असतो तो त्यांच्यामधील संभाषणात. हे संभाषण कसे चालते ते समजले, तर पुष्कळसा खर्च वाचतो.

पूर्वीच्या तारेतून ध्वनीच्या लहरीसारखीच विजेची लहर वाहत असे. तार सैल झाली की खरखर येई किंवा एक बाजू मंद होई. बिघाड आपला ठावठिकाणा स्वतःच सांगत असे. अंकीय, म्हणजे डिजिटल, जोडणीतून आकडे वाहतात. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात. डाव्या व उजव्या बाजूंचे मिळून सेकंदाला चौदा लाखांहून अधिक द्विमान अंक होतात. हे अंक वाहून नेण्याची पद्धत सोनी व फिलिप्स या कंपन्यांनी ठरवली, आणि १९८३ साली तोशिबा कंपनीने त्यासाठी प्रकाशतंतूची जोडणी पुढे आणली. थोडे भिजलेले पत्र अर्थ न गमावता वाचता येते, पण शाई पुरती पसरली की एक अक्षरही लागत नाही. अंकीय ध्वनीचे तसेच आहे. त्याचा ऱ्हास हळूहळू होत नाही. तो शुद्ध येतो, क्वचित तुटक येतो, नाहीतर येतच नाही. म्हणून शांततेवरून दोषाचे स्थान कळत नाही. ते पायरीपायरीने शोधावे लागते.

पहिली पायरी वाटेची. प्रकाशतंतूचे रिसीव्हरकडील टोक काढून तळहातासमोर धरावे. संगणकावर गाणे सुरू असताना तांबडा प्रकाश दिसला, तर संगणक बोलत आहे आणि तारही शाबूत आहे. प्रकाश दिसला नाही, तर टोकावरील पारदर्शक टोपण काढायचे राहिले आहे काय, तंतू कोठे काटकोनात मुडपला आहे काय, हे पाहावे. धातूची तार असेल तर ती पंचाहत्तर ओहम रोधाची असावी. जुन्या व्हिडिओ यंत्राची पिवळ्या टोकाची तार या कामी उत्तम चालते.

दुसरी पायरी निवडीची. संगणकाला ध्वनी बाहेर पाठवण्याचे अनेक मार्ग असतात, आणि त्यांतील अंकीय मार्ग निवडावा लागतो. रिसीव्हरच्या पाठीवरही अनेक खाचा असतात. कोणती खाच समोरच्या कोणत्या बटणाला नेमून दिली आहे, हे तपासावे. ‘सीडी’चे बटण दाबलेले आणि तार दूरचित्रवाणीच्या खाचेत, असा प्रकार फार वेळा आढळतो.

तिसरी पायरी भाषेची, आणि येथेच बहुतेक घोटाळे होतात. प्रकाशतंतूची जोडणी एकमार्गी आहे. रिसीव्हरला काय समजते, हे संगणकाला कळण्याची सोयच तीत नाही. संगणकाने सेकंदाला १,९२,००० नमुने पाठवले आणि रिसीव्हरची झेप ९६,००० पर्यंतच असली, तर तो गप्प राहतो. हा आकडा ४८,००० वर आणताच गाणे सुरू होते. त्यागराजांची तेलुगु कृती तमिळ श्रोत्याला शब्द न कळताही हेलावून सोडते. यंत्राला ही सवलत नाही. एच्‌डीएम्‌आय जोडणीत रिसीव्हर आपली क्षमता संगणकाला कळवतो. त्यामुळे तेथे रिसीव्हर आधी सुरू करावा आणि संगणक नंतर.

चित्रपटांचा सहा वाहिन्यांचा ध्वनी प्रकाशतंतूतून जातो तो डॉल्बी किंवा डीटीएस पद्धतीने आकुंचित होऊनच. तो न उलगडता साधे आकडे समजून वाजवला गेला, तर कानठळ्या बसवणारा खरखराट होतो आणि ध्वनिक्षेपकालाही इजा पोहोचू शकते. यास्तव प्रत्येक चाचणीपूर्वी रिसीव्हरचा आवाज अगदी कमी करावा, आणि संगणकाला दोन वाहिन्यांचा साधा ध्वनी पाठवण्यास सांगून आरंभ करावा. मैफलीच्या बहुतेक ध्वनिमुद्रणांना दोन वाहिन्या पुरतात.

आणखी दोन लक्षणे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. गाण्याचे पहिलेच अक्षर हरपत असेल, तर शांततेच्या क्षणी संगणक अंक पाठवणे थांबवतो आणि रिसीव्हरला पुन्हा सूत्र पकडण्यास वेळ लागतो, असे समजावे. तंबोऱ्याखाली सतत घुंईं असा आवाज येत असेल, तर तो घरच्या विजेच्या पन्नास आवर्तनांचा असण्याचा संभव असतो. धातूच्या तारेतून दोन यंत्रांच्या भूजोडण्या एकमेकींना भिडल्या की तो उद्भवतो. प्रकाशतंतूतून वीज जात नसल्याने, तो वापरताच हा दोष बहुधा नाहीसा होतो.

या साऱ्या शोधाचा नियम एकच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, परिणाम ऐकावा, आणि मगच पुढे जावे. तार, खाच आणि आकडा ही तिन्ही एकदम बदलणाऱ्याचे गाणे कदाचित सुरू होईलही, परंतु ते का बंद पडले होते हे त्याला कळणार नाही, आणि पुढील मार्गळीत तीच शांतता पुन्हा त्याच्यासमोर उभी राहील. ज्याने कारण शोधून काढले, त्याला दुसऱ्यांदा यंत्रही विकत घ्यावे लागत नाही आणि जाणकाराची वाटही पाहावी लागत नाही.