सातातले नाव, बारातले पीक
(वासंतिक व्याख्यानमालेत कापडे येथे दिलेले व्याख्यान)



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला, तेव्हा वसंत हा श्रवणाचा ऋतू आहे अशी त्यांची धारणा असावी. आपल्या या डोंगरी मुलखात मात्र वैशाख हा माणसे मोजण्याचा ऋतू आहे. वर्षभर कुलूपबंद असलेल्या घरांची दारे याच महिन्यात उघडतात, ओट्यांवरची धूळ झाडली जाते, आणि कोणाच्या घरी किती मुंबईकर आले, कोणाच्या घरी कोणीच आले नाही, याचा हिशेब कोणी न लिहिताही गावभर तोंडपाठ होतो.

काल सायंकाळी मी येथे उतरलो तेव्हा पारावर बसलेल्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी मला विचारले, "पाव्हणं, कुणापैकी?" माझे नाव काय, व्यवसाय काय, राहणे कोठे, यांतले काहीही त्यांनी विचारले नाही. या एका शब्दावर मी रात्री बराच वेळ विचार करीत पडलो होतो. 'पैकी' हा आपल्या जमाबंदीच्या दप्तरातला शब्द आहे. सर्व्हे नंबराचा तुकडा पडला की त्या आकड्यापुढे तलाठी 'पैकी' लिहितो. माणूस हाही कोणत्या तरी मोठ्या क्षेत्राचा तुकडा आहे, आणि मूळ नंबर कळल्यावाचून तुकड्याची ओळख पटत नाही, हे तत्त्वज्ञान आपल्या लोकांनी दोन अक्षरांत साठवून ठेवले आहे. मी खाडीपट्ट्यातल्या माझ्या मूळ गावाचे नाव सांगितले, आजोबांचे नाव सांगितले. त्यांनी मान डोलावली. पुढे त्यांनी मला आणखी एक प्रश्न विचारला, परंतु तो मी अखेरीस सांगेन.

मग ते मला आपल्या घरी घेऊन गेले. चहा होईपर्यंत त्यांनी आड्याला खोचलेली एक प्लास्टिकची पिशवी काढली आणि तीतून सातबाऱ्याचा उतारा काढून माझ्यासमोर पसरला. त्यावर एकोणीस नावे होती. त्यांचे बोट एकेका नावावरून सरकत होते: हा भांडुपला, हे दोघे सुरतेला, ही लेक नालासोपाऱ्यास दिलेली, हा वारला, याचे वारस लावायचे राहिले, याचा पत्ताच नाही. उताऱ्याच्या वरच्या भागात अशी दाटी होती, आणि खालच्या भागात, जेथे पिकाची नोंद असते तेथे, एका तुकड्यापुढे 'भात', दुसऱ्यापुढे 'नाचणी', आणि उरलेल्या सगळ्या वरकस जमिनीपुढे 'गवत पड' असे लिहिलेले होते.

आजच्या व्याख्यानाचा विषय मला तेथे सापडला. ज्याला आपण एका दमात सातबारा म्हणतो ते वस्तुतः दोन निरनिराळे कागद आहेत. गाव नमुना सात हे अधिकाराचे अभिलेखपत्रक आहे. जमीन कोणाची, ते तो सांगतो. गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही आहे; त्या जमिनीत यंदा काय उगवले, ते ती सांगते. सातातले नाव एकदा लागले की पिढ्यानुपिढ्या वारसाने चालत राहते. बारातली नोंद मात्र दरसाल नव्याने करावी लागते. मनुष्याचे आपल्या पूर्वजांच्या भूमीशी असलेले नातेही असेच दुहेरी असते, आणि आपण बहुधा साताच्या अभिमानात बाराकडे पाहावयाचे विसरतो, इतकेच मला आज सांगावयाचे आहे.

नावापासूनच प्रारंभ करू. 'कर' हा प्रत्यय लावून गाव आडनावात बांधून नेण्याची आपली रीत जुनी आहे. शिवभारताचे कर्ते कवींद्र परमानंद हे नेवासकर. त्यांची समाधी मात्र आपल्या पोलादपुरात आहे. नावात गोदावरीच्या खोऱ्यातले नेवासे आणि देह सावित्रीच्या काठी, यात कोणास विसंगती वाटली नाही.

या रीतीचे सर्वांत विलक्षण उदाहरण आपल्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर घडले. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपी वाचली, त्यांचे आपण वंशज, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरागत श्रद्धा आहे. ही मंडळी गावोगाव पांगली, तेलाचे घाणे चालवू लागली, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. 'कुणापैकी?' या प्रश्नाचे कोकणाने त्यांच्यासाठी स्वतःच शोधलेले हे उत्तर होते: तेल्यांपैकी, परंतु शनिवार वेगळा. त्यांनी या भूमीची भाषा घेतली, लुगडे घेतले, मंगळसूत्र घेतले, आणि किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, आष्टमकर, राजपूरकर अशी आडनावे घेतली. मुंबईतले त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली बांधले गेले, तेही एका दिवेकराने. धर्मकथा सांगावयाच्या झाल्या तर त्यांनी मराठी कीर्तनाचा साज चढवून सांगितल्या. समरस होणे म्हणजे विरघळून जाणे नव्हे, याचा याहून स्वच्छ दाखला मला ठाऊक नाही. कारण इतके सर्व घेऊनही शनिवारचा घाणा त्यांनी चालू केला नाही.

पुढे १९४८ साली इस्राएलचे राज्य स्थापन झाले आणि यांतील बहुसंख्य कुटुंबे पूर्वजांच्या भूमीकडे निघाली. आता या प्रवासात मूळ भूमी कोणती आणि परदेश कोणता? जेथे जाण्याची प्रार्थना शतकानुशतके केली, तेथे पोहोचल्यावर तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहांच्या वेळी वंशावळीची चौकशी करण्याचे फर्मान काढले. म्हणजे सातावरचे नावच संशयित ठरले. त्यांनी यरुशलेमात धरणे धरले, आणि १९६४ साली तेथील संसदेने हे लोक सर्वार्थाने यहुदीच आहेत असा निर्वाळा दिला. कोकणात त्यांना कोणी वंशावळ मागितली नव्हती. शनिवार पाळता, एवढे पुरे होते. आणि तरीही ती मंडळी तेथेच राहिली, रुजली, त्यांची मुले हिब्रू बोलू लागली. मात्र शुभकार्य निघाले की आजही त्यांच्या घरी मलिद्याचे ताट मांडतात. भिजवलेले पोहे, त्यात खोवलेला नारळ, साखर, वेलची, भोवती फळे, आणि प्रेषित एलियाहूचे स्मरण. वाळवंटाच्या कडेला वसलेल्या दिमोना गावात पोह्याचे ताट! ज्या तांदळाचे पोहे ते आपल्या खाचरातले असतील असे नाही. परंतु तांदूळ कुटून देवापुढे ठेवावा हे त्या लोकांना खाचराच्या या मुलखाने शिकविले. त्यांच्या सातावर यरुशलेम आहे. बाराला अद्याप कोकणातले पीक लागते.

याच्या उलट गती मॉरिशसला गेलेल्या आपल्या लोकांची झाली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' जहाजाने करारबद्ध मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरविले, आणि पुढील दशकांत जे लक्षावधी हिंदी मजूर त्या बेटावर गेले त्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरी व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले पुष्कळ होते. धक्क्यावरच्या कारकुनाने प्रत्येकाला नंबर दिला. नाव, बापाचे नाव, जात, गाव कानाला जसे लागले तसे लिहून घेतले. 'कर' तेथेच गळाला. पहिल्या आजोबाचे घरगुती नाव तेच नातवंडांचे आडनाव झाले, आणि आडनावात गाव उरले नाही. मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरखान्यात ती जुनी रजिस्टरे जपून ठेवलेली आहेत. त्यांतला उतारा घेऊन पाचव्या पिढीतला मनुष्य गाव शोधीत कोकणात येतो, तेव्हा साहेबी कारकुनाच्या अक्षरातून गावाचे खरे नाव सोडविता सोडविता वाटाड्याच्या नाकी नऊ येतात.

म्हणजे सात फाटला. परंतु बारा? त्या बेटावर गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुटी असते. घरात क्रिओल बोलणारी मुले शाळेत मराठीचा विषय घेतात. आणि तेथले मराठी लोक सणाला फेर धरून 'झाकरी' नाचतात. आपल्याकडे गणपतीत पायात चाळ बांधून जो जाखडीचा नाच रंगतो, त्याचेच हे सातासमुद्रापलीकडचे भावंड. ज्याला आपले गाव नकाशावर दाखविता येत नाही त्याच्या पायाला गावचा ठेका ठाऊक आहे!

तंजावरचे उदाहरण मी ओझरतेच सांगतो. सरफोजी राजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसल्यांच्या कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. दगडात कोरलेला याहून पक्का सात कोणता असणार? अर्ध्या शतकातच, १८५५ साली, ते राज्य खालसा झाले. शिलालेख आहे तेथे आहे, तो वाचणारे थोडे. पण तंजावरच्या मराठी घरांतली बोली माजघरात टिकली, आणि आपल्या कीर्तनाने तमिळ हरिकथेला जे वळण दिले ते, कोणाच्या नावावर न चढता, त्या प्रांताचे होऊन गेले.

आता, मंडळी, मी येथवर वहिवाटीची थोरवी गायिली. परंतु महाडच्या छायेत उभे राहून या विषयाची दुसरी बाजू न सांगणे हा अप्रामाणिकपणा होईल. मूळ गाव हा शब्द उच्चारताच सर्वांच्याच डोळ्यांत पाणी येते असे नाही. काहींना त्या गावात पाणीच मिळत नव्हते. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली केला, महाडच्या नगरपालिकेने पुढल्या वर्षी त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, आणि तरीही अस्पृश्य मानलेल्या एकाही माणसाची घागर त्या पाण्यात बुडाली नाही. सातावर नाव चढले होते. बारा कोरा होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या तळ्याच्या पायऱ्या उतरून पाणी प्याले, ही माझ्या मते या जिल्ह्यातली सर्वांत मोठी पीकपाहणी होय. विरोधकांनी दिवाणी दावा लावला, आणि दावा कशावर? तर अनादिकालापासूनच्या वहिवाटीवर! दहा वर्षांनी, १९३७ साली, मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की अशी अनादि वहिवाट सिद्ध झालेली नाही. ज्यांना कोणी वहिवाटीतून हुसकले, त्यांच्याकडे गावाच्या ओढीची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? आणि तरी पाहा, खुद्द बाबासाहेबांच्या आडनावात मंडणगड तालुक्यातले आंबडवे आहे. जन्म महूचा, शिक्षण न्यूयॉर्क-लंडनचे, आणि नावात कोकणातले एक खेडे, ज्याने त्यांच्या पूर्वजांना वेशीबाहेर ठेवले असेल. नाव आपण गावावर उपकार म्हणून वागवितो की गाव आपल्यावर उपकार म्हणून वागविते, हा प्रश्न म्हणून प्रत्येकाने आपल्यापुरता सोडवावा.

आता घराकडे वळतो. कापड्याचे लोक यरुशलेमास गेले नाहीत, मॉरिशसला गेलेच असतील तर त्याची खूण उरली नाही. आपला परदेश म्हणजे मुंबई. गिरणगावात एकेका गावाने भाड्याने धरलेल्या खोल्या असत. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे पंधरा-वीस गाववाले, भिंतीवर ग्रामदेवतेची तसबीर आणि खुंटीवर वर्गणीची वही. दिवसपाळीचा माणूस उठला की त्याच ऊबदार वळकटीवर रातपाळीचा आडवा होई. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थंडावले, त्या खोल्या मोडल्या, माणसे ठाणे-विरारकडे पांगली. तरी ती वही अद्याप चालू आहे. शिमग्याला पालखी सहाणेवर बसते तेव्हा मानाचा नारळ द्यावयास कोणी विरारहून रात्रभर प्रवास करून येतो. तो येतो म्हणून तो कापड्याचा, कापड्याचा म्हणून येतो असे नव्हे.

मुंबईकर मंडळींना माझी एवढीच विनंती आहे की गाव आपण सोडले त्या दिवशी जसे होते तसेच राहावे, असा हट्ट धरू नका. तुमच्या आठवणीतल्या गावाला विजेचा खांब नाही. येथे राहणाऱ्याला तो हवा आहे. आणि ग्रामस्थांना विनंती अशी की जो वर्षातून आठ दिवस येतो त्याला पाहुणा म्हणून हसू नका, आणि ज्या कातकरी कुटुंबाचे नाव कोणत्याच सातावर नाही, परंतु ज्याच्या हातांनी तुमच्या खाचरात आवणी होते, त्याला 'कुणापैकी?' असे विचारण्यापूर्वी बारा उघडून पाहा. भात कोणाच्या हाताने उगवले, हे त्याहून जुने उत्तर आहे.

त्या वयोवृद्ध गृहस्थांचा दुसरा प्रश्न सांगावयाचा राहिला. उतारा घडी करून पिशवीत ठेवताना त्यांनी सहज विचारले, "तुमचा बी सातबारा असंल ना गावाला?" मी मोठ्या समाधानाने म्हणालो, "आहे, नाव लागले आहे." ते म्हणाले, "मग यंदा काय लावणार?"

मंडळी, एवढा वेळ मी जे बोललो ते या प्रश्नाचे उत्तर न आल्यामुळे बोललो. माझ्या तुकड्यापुढे गेली बावीस वर्षे 'पड' लिहिलेले आहे. रोहिण्या लागावयास अजून काही दिवस अवकाश आहे. उद्या सकाळच्या गाडीने मी मुंबईस न जाता खाडीपट्ट्याकडे उतरणार आहे.