न सांगता येणारे दुखणे

(कोयनानगर येथे आरोग्यसेविका, आशा स्वयंसेविका आणि बौद्धिक दिव्यांग मुलांचे पालक यांच्या एकत्रित मेळाव्यात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन.)



कोयनानगरला मी पाहुणा म्हणून आलेलो नाही. माझे वडील धरणप्रकल्पात नोकरीला होते आणि माझे बालपण येथील वसाहतीतच गेले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप माझ्या जन्मापूर्वीचा. मात्र त्याची धास्ती आमच्या घरातून कधी गेली नाही. फळीवरचे भांडे वाजले, की आई आधी धाकट्याला उचलून अंगणात धाव घेई. मी मागून आपापला येईन, याची तिला खात्री असे. धाकटा येणार नाही, हेही तिला ठाऊक असे.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. जन्मला तेव्हा तो उशिरा रडला, चालायलाही उशिरा लागला, आणि त्याचे बोलणे पाच-सहा शब्दांपलीकडे कधी गेले नाही. त्या काळी अशा मुलाला ‘मतिमंद’ म्हणत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर ‘बौद्धिक दिव्यांग’ हा शब्द रूढ होत आहे. शब्द सुधारला, हे योग्यच झाले. पण आज मला बोलायचे आहे ते धाकट्याच्या एका दाढेविषयी.

१९९५ चा पावसाळा होता. धाकटा तेव्हा बावीस वर्षांचा. मी शहरात एका दैनिकात उमेदवारी करीत होतो. घरून निरोप आला, की त्याने जेवण सोडले आहे, तो भिंतीवर डोके आपटतो आणि आईलाही चावला आहे. मी आलो, पाहिले आणि इतरांप्रमाणेच निष्कर्ष काढला, की याचे वेड वाढले. कोणी देवरुषाकडे नेण्यास सुचविले. आम्ही सुशिक्षित, म्हणून डॉक्टरांकडे नेले. त्यांनीही ‘ही मुले अशीच वागतात’ असे सांगून झोपेचे औषध दिले. पंधरा दिवस तो गुंगीत पडून राहिला. जाग आली, की पुन्हा भिंत.

शेजारच्या तान्ह्या बाळाच्या लसीकरणासाठी उपकेंद्रातील नर्सबाई आल्या होत्या. आवाज ऐकून त्या आमच्या ओसरीवर आल्या आणि आईला त्यांनी एकच प्रश्न विचारला, “काकू, हा डोके नेहमी उजव्याच बाजूने आपटतो का?”

आई म्हणाली, “होय बाई, उजव्याच.”

बाई त्याच्याजवळ जमिनीवर बसल्या. त्यांनी आपली बॅटरी त्याच्या हाती दिली, स्वतःचा जबडा उघडला आणि त्याला आत पाहू दिले. त्याने मनसोक्त पाहिले. मग बॅटरी परत देऊन त्याने आपले तोंड उघडले. उजवीकडची खालची दाढ किडली होती, हिरडी पुवाने टरटरली होती. दुसऱ्या दिवशी त्याला कराडला नेले. दाढ निघाली, आणि आठवड्याच्या आत तो भाकरी खाऊ लागला.

मित्रहो, प्रश्न विचारणे हा माझा व्यवसाय. तो एक प्रश्न मात्र मला सुचला नव्हता. त्या पंधरा दिवसांची लाज मी आजही बाळगून आहे.

हे केवळ आमच्याच घरी घडले असे नाही. बौद्धिक दिव्यांग व्यक्तीचे प्रत्येक दुखणे तिच्या दिव्यांगतेच्या खात्यावर टाकण्याची चूक जगभर होते आणि त्यापायी माणसे दगावतात. वास्तविक या व्यक्तींना शरीराची दुखणी आपल्याहून कमी नसतात, उलट अधिकच असतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या बालकांपैकी जवळजवळ निम्म्यांना हृदयाचा जन्मजात दोष असतो. थायरॉईडचे विकार आणि कमी ऐकू येणे हेही त्यांच्यात पुष्कळ आढळते. फेपरे अनेकांना येते. बद्धकोष्ठ, दातांची कीड, कानातील पू ही तर नित्याचीच. मूल अचानक आक्रस्ताळे झाले, तर आधी दात, कान, पोट आणि लघवी तपासावी. स्वभावाकडे बोट दाखवावे ते सर्वांत शेवटी.

२०११ च्या जनगणनेत देशात अशा व्यक्तींची संख्या सुमारे १५ लाख नोंदली गेली. त्यांच्यासाठी महाराष्ट्राने फार मोलाचे काम उभे केले आहे. पुण्यात सिंधुताई जोगळेकरांनी १९६४ मध्ये ‘कामायनी’ सुरू केली; नाशिकला रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये ‘प्रबोधिनी’ उभारली. या कार्यापुढे आपण नतमस्तकच आहोत. परंतु शाळेत जायचे, तर शाळा जवळ हवी. या खोऱ्यातील वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या. पावसाळ्यात ओढा ओलांडणे कठीण. विशेष शाळा तेथे पोचणार कशी? तेथे पोचते ती नर्सबाई.

इंग्लंडमध्ये बौद्धिक दिव्यांगांसाठीची परिचर्या ही स्वतंत्र शाखा आहे. त्या परिचारिका घरोघरी जातात. चौदा वर्षांवरील अशा व्यक्तींची वर्षातून एकदा संपूर्ण तपासणी करून घेण्याची सोय तेथे आहे. आपल्याकडे अशी स्वतंत्र शाखा नाही. म्हणून आपण हातावर हात ठेवून बसायचे काय?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील साध्या स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्यास शिकविले. जन्मतः न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, हेही त्या शिकल्या. त्यांच्या कार्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगद्विख्यात वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केले. पुढे २०११ पासून देशभरातील आशाताई बाळंतिणीच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा वेळा जाऊ लागल्या. जन्मतः श्वास कोंडणे हे बौद्धिक दिव्यांगतेचे एक कारण आहे. म्हणजे आपल्या भगिनी या प्रश्नाच्या मुळाशी आधीच काम करीत आहेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतात. त्यात वाढीतील विलंबही पाहिला जातो. परंतु हा कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतचा. एकोणिसाव्या वर्षी दिव्यांगता संपते काय? धाकट्याची दाढ बाविसाव्या वर्षी दुखली.

आणखी एक आठवण सांगतो. ती कटू आहे. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील काही मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्यात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. मासिक पाळीच्या दिवसांत या मुलींना स्वच्छता राखता येत नाही, असे कारण दिले गेले. राज्यभर संताप उसळला आणि पुढील शस्त्रक्रिया थांबल्या. मी तेव्हा नवखा वार्ताहर होतो. बाजू घेऊन भांडणारे पुष्कळ भेटले. पण या मुलींना पाळीची घडी बदलायला चिकाटीने शिकविले कोणी होते का, हे विचारणारे फारसे भेटले नाहीत. चित्रे दाखवून, रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने शिकविले, तर अनेक मुली हे शिकतात. हे काम शस्त्रक्रियेच्या टेबलावरचे नव्हे. ते परिचारिकेचे आणि आईचे आहे.

भगिनींनो, आपल्या कामाचा भार मला ठाऊक आहे. डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा दंडक आहे. डोक्यावर नोंदवह्यांचे ओझे आहे. तेव्हा शासनाकडे मागणी केलीच पाहिजे, की या कामाचे प्रशिक्षण द्या, त्यासाठी वेळ आणि मानधन द्या. मात्र तोवर दोन गोष्टी आजही शक्य आहेत. एक, गृहभेटीत अशा व्यक्तीचे वजन, दात, कान आणि फेपऱ्याच्या गोळ्या पाहणे. गोळ्या परस्पर बंद करू नयेत. झटका आला, तर कांदा वा चप्पल हुंगवू नये, तोंडात काही घालू नये, कुशीवर वळवावे आणि झटका पाच मिनिटांत थांबला नाही, तर दवाखाना गाठावा, हे घरच्यांना पुन्हा पुन्हा सांगणे.

दुसरी गोष्ट म्हणजे एक वही. ही त्याच नर्सबाईंची देणगी. त्यांनी आईकडून धाकट्याच्या खुणा सांगवून घेतल्या आणि उतरवून ठेवल्या. कोणते औषध किती, कशाला भितो, कोणाच्या हातून खातो, दुखले की काय करतो. पुढे बाईंची बदली झाली. वही आईने ट्रंकेत जपली.

पालकहो, ‘आमच्या माघारी याचे काय?’ हा प्रश्न तुम्हाला रात्री झोपू देत नाही, हे मी जाणतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार सज्ञान दिव्यांगासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमता येतो. ‘निरामय’ योजनेतून एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमाही मिळतो. ती कागदपत्रे अवश्य करा. पण कायद्याचा पालक नेमला, तरी त्याला तुमच्या मुलाची भाषा कोण शिकविणार?

आई गेली आणि धाकटा माझ्या घरी आला. पहिल्या तीन रात्री तो जेवणाचे ताट उपडे करीत होता. आम्हाला वाटले, आईवाचून हट्ट करतो आहे. चौथ्या दिवशी वही आठवली. त्यात बाईंच्या अक्षरात लिहिले होते, ‘ताट उपडे केले, तर पोट साफ नाही. कोमट पाणी द्यावे.’

आई नव्हती, तरी तिला कळत होते ते सारे त्या वहीत शिल्लक होते. आज धाकटा पन्नाशी ओलांडून माझ्या घरी सुखाने आहे.

येथून घरी गेल्यावर प्रत्येक आईने सांगावे आणि कोणीतरी लिहून घ्यावे. सुरुवातीला एक पान पुरे. पुढची पाने भरायला आपल्या आशाताई आणि नर्सबाई येतीलच. त्या दाराशी आल्या, तर त्यांना ओसरीवर बसवा, पाणी द्या आणि आतल्या खोलीतले आपले लेकरू बाहेर आणा.