सभामंडपातील पडदा
(वरूड येथील मंदिराच्या जीर्णोद्धार सोहळ्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कळस चढला, नवी फरशी बसली, त्याबद्दल माझ्या आधीच्या वक्त्यांनी पुष्कळ सांगितले. मला बोलायचे आहे ते उद्यापासूनचे. सायंकाळची आरती झाली की कुलूप, असाच हा मंडप राहणार काय? महिन्यातून एकदा येथे विनामूल्य चित्रपट दाखवावा आणि त्यानंतर सर्वांनी बसून त्यावर चिंतन करावे, अशी एक सूचना आली आहे. ती मला मनापासून पटली आहे.

सूचना ऐकताच एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, "अन् देवयात शिनेमा दाखवता काय बाप्पा?" प्रश्न रास्त आहे. परंतु दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली पहिला चित्रपट काढला तो राजा हरिश्चंद्राच्या कथेवर. पुढे १९३६ साली प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' आला. दामले आणि फत्तेलाल यांनी तो केला, विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आपल्याकडील कथेकऱ्याने जे काम शब्दांनी केले तेच येथे चित्राने केले आहे.

मात्र नुसता चित्रपट दाखवून लोकांना घरी पाठवायचे असेल तर मंदिराची गरज नाही. तेवढे आता प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलवर होते. खरे काम पडदा विझल्यावर सुरू होते. ही रीत आपल्या वऱ्हाडाला नवी नाही. गाडगेबाबा दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. कीर्तनात ते समोरच्या लोकांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढीत. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजन म्हणत गावाचेच प्रश्न गावापुढे ठेवले आणि पुढे ग्रामगीता लिहिली. ऐकणाऱ्याने बोलले पाहिजे, ही शिकवण मोझरी येथून आपल्या दारापर्यंत आलेली आहे.

'संत तुकाराम'चेच उदाहरण घ्या. त्यात जिजाई मुलाच्या आजारपणाने कावून देवळात जाते आणि विठ्ठलावर वहाण उगारते. यावर आपल्या मायमाऊल्या काय म्हणतील? नवरा भजनात आणि चूल थंड, हे दुःख त्यांना पुरुषांहून जास्त कळते. त्या रात्री पुरुषांनी थोडा वेळ गप्प बसावे, असे माझे मत आहे. आणखी एक. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली असे त्यांच्या चरित्रात सांगतात. देणेकऱ्याची मान सोडविणारा सावकार! आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या घरांनी कर्जापायी काय पाहिले ते या मंडपात सांगायला नको. संत्र्याचा बहार गळाला, भाव पडला, की माणूस कोणाशी न बोलता आतल्या आत कुढत बसतो. त्याला चारचौघांत तोंड उघडता येईल अशी एक जागा गावात असावी. देवापुढे बसून याहून मोठी आध्यात्मिक चर्चा कोणती करायची?

आता व्यवस्थेचे बोलतो. हा चित्रपट दोन तासांहून थोडा मोठा आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. तेव्हा आरतीनंतर साडेसातला सुरुवात झालीच पाहिजे. पाहुण्यांची वाट पाहणे नाही, सत्कार नाही, हार नाहीत. चर्चेला मात्र माईक नकोच. माईक हाती आला की एकच माणूस बोलतो, हे आपण जाणतोच! सतरंज्या गोल घालून बसावे, तासभर बोलावे आणि उठावे.

कोणताही चित्रपट आणून लावू, असेही चालणार नाही. कायद्याप्रमाणे चित्रपटाचा हक्क साठ वर्षे राहतो. १९३६चा 'संत तुकाराम' त्यातून कधीच मोकळा झाला आहे. परंतु गाडगेबाबांच्या जीवनावरील १९७७चा 'देवकीनंदन गोपाला', ज्यात डॉ. श्रीराम लागू यांनी बाबांची भूमिका केली, तो दाखवायचा तर मालकाची लेखी परवानगी घ्यावी लागेल. आपण फुकट दाखवितो म्हणून ती माफ होत नाही.

विनामूल्य म्हणजे खरोखर विनामूल्य. मध्यंतरात ताट फिरवायचे नाही आणि पडद्यावर कोणाच्या दुकानाची जाहिरात नको. देणगीदारांची नावे दगडावर कोरली आहेत, ती तेथे शोभतात. ज्याच्या नावाची पाटी नाही, अशा मजुरालाही या सतरंजीवर पुढे बसताना संकोच वाटू नये, यासाठी हे सांगतो. संत्रा तोडीच्या दिवसांत माणसे थकून येतात, तेव्हा त्या महिन्यांत कार्यक्रम अमावस्येला, कामाच्या सुटीला ठेवावा, असे सुचवितो.

प्रक्षेपक एका शाळेतून मागून आणता येईल. पडद्यासाठी पांढरे, जाड, सुरकुती न पडणारे कापड हवे, आणि वीज गेली तर जनरेटर. ज्यांच्याकडे यांपैकी काही असेल त्यांनी आजच्या आरतीनंतर थोडे थांबावे.